मेमरी कमी पडायलीय

मुखेडमध्ये कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की पहिला फोन मला येतो. ही मी माझी तारीफ करत नाही, आहे ते सांगतोय. पंचायत समितीत मी साधा क्लार्क, पण तिथला प्रिंटर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. साहेब समोर उभे असले की तो कागद गिळून बसतो आणि मी नुसता जवळ गेलो तरी घुर्र करून सरळ होतो. बंद पडलेली वस्तू पूर्ण बंद करायची, मनातल्या मनात थोडं थांबायचं आणि परत चालू करायची, ही माझी खास पद्धत. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं आणि वर चहा मिळतो. अशा माणसाला घरच्या कॉम्प्युटरला कोणत्या स्पीडची मेमरी घ्यावी हे कळणार नाही, असं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो.

आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि मालकिणी दोन. एक माझी बायको महामाया. ती लग्नं, वाढदिवस, नामकरण यांचे व्हिडिओ एडिट करते. आधी फोनवर करायची, मग काम वाढलं आणि आम्ही कॉम्प्युटर घेतला. दुसरी माझी बहीण बुद्धप्रिया. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत घरी आली की गेम खेळते. खेळते म्हणजे टाइमपास नाही. स्पर्धेत उतरते, कानाला हेडफोन लावून हैदराबादच्या पोरांना हिंदीत शिव्या... म्हणजे सूचना देते.

दोघींचीही तक्रार एकच होती. कॉम्प्युटर अडकतो.

एरवी मी चालढकल केली असती. पण या वेळी महामायाला मोठं काम मिळालं होतं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, रामकिशन. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या गाडीवर अनेक वर्षं जे ड्रायव्हर होते ते चंद्रप्पा, निलंग्याकडचे. या चंद्रप्पांनी लातूरला निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचा स्नेहमेळावा ठरवला होता आणि त्यात दाखवायला जुने फोटो, मुलाखती जोडून एक फिल्म करायला महामायाला सांगितलं होतं. मुखेडच्या बाहेरचं तिचं हे पहिलं काम. हॉलभर लोक बघणार. फिल्म चांगली झाली तर लातूरची कामं मिळणार, आणि मधेच गंडली तर सुनेनं सासऱ्याचं नाव घालवलं असं होणार. ती बोलून दाखवत नव्हती, पण चार दिवस झाले तिनं टीव्ही लावला नव्हता.

"फोटो टाकला की थांबतंय, आवाज टाकला की थांबतंय," ती म्हणाली. "अहो, ह्याला मेमरी कमी पडायलीय. मेमरी जास्त पाहिजे."

"जास्त न्हाई वहिनी, फास्ट पाहिजे," बुद्धप्रिया म्हणाली. "स्पीड वाढवा. गेम मधे झटके मारायलाय."

आता इथं एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. कॉम्प्युटरची मेमरी, जिला सगळे रॅम म्हणतात, ती म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. ओटा मोठा असेल तर जास्त भांडी मांडता येतात. ही झाली तिची साइज. आणि ओट्यावरचे हात किती भराभर चालतात, तो झाला तिचा स्पीड. एडिटिंगवाल्याला ओटा आधी मोठा लागतो. गेमवाल्याला हात चपळ लागतात. ही उपमा माझी नाही, पुढे येणाऱ्या पुनमताईंची आहे. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त म्हणालो, "दोघी गप बसा. मी बघतो."

आणि अंगणात जाऊन लातूरला फोन लावला. पुनमताईंचं लातूरला कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, सगळं त्याच करतात. रॅम म्हणणं मला जरा किरकोळ वाटलं, म्हणून मी मेमरी म्हणालो. आणि अंगणात रेंज कमी असते म्हणून ओरडून म्हणालो.

"ताई, आनंदराज बोलतोय, मुखेडहून. आमच्या घरी मेमरीचा प्रॉब्लेम झालाय... हाव, मधेच अडकतंय. चांगलं चालू असतं आणि एकदम ठप्प. समोर नुसतं बघत बसावं लागतं... न्हाई, तसं बाकी सगळं धडधाकट हाय. पण आता भार सहन होईना... उघडून बघावं लागंल म्हणता? बघा की. जुनं काढून टाका सरळ, मला त्याचं काही करायचं नाही... शनिवारी घेऊन येतो. ठेवून घ्यावं लागलं तर ठेवून घ्या, पण घरी सगळे परेशान झालेत."

अंगणाला लागून अण्णांची खोली आहे. खिडकी उघडी होती. आत अण्णा पडले होते आणि जागे होते.

हे मला फार उशिरा कळलं. आणि आणखी एक गोष्टही उशिरा कळली. त्या आठवड्यात अण्णांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. महामायानं तो गुपचूप आणून दिला होता आणि अण्णांनी तो गुपचूप घेतला होता. दोघंही कुणाला काही बोलले नव्हते.

संध्याकाळी जेवायला बसलो. अण्णा एरवी जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि म्हणाले, "मुखेड, जांब, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर."

मी म्हणालो, "काय?"

"स्टॉप सांगितले. उलटे सांगू का? लातूर, आष्टामोड, चाकूर..."

"अण्णा, वरण घ्या."

"महामायाच्या माहेरची गाडी त्या वेळी सकाळची होती. ड्रायव्हर चंद्रप्पा. तुमच्या लग्नात भात कमी पडला होता."

"कमी पडला नव्हता अण्णा, उशिरा आला होता," महामाया म्हणाली.

"बघ, मला याद हाय." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "तू लहानपणी मुखेडच्या बाजारात हरवला होतास. पोलिसानं बापाचं नाव विचारलं तर तू नाव सांगितलं न्हाईस, गाडीचा नंबर सांगितलास. नंबर सांगू?"

बुद्धप्रियाला ठसका लागला. मला ही गोष्ट माझ्या बहिणीपासून लपवायची होती आणि ती इतकी वर्षं व्यवस्थित लपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. दाढी करताना अण्णा डेपोतल्या जुन्या अधिकाऱ्यांची नावं सांगत होते. शेजारच्या सिंधुताई दूध द्यायला आल्या तर त्यांना त्यांच्या मोठ्या मुलीचा जन्म कोणत्या वारी झाला ते सांगितलं. सिंधुताईंना स्वतःला वार आठवत नव्हता. त्या घरी जाऊन नवऱ्याला विचारून आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, बरोबर हाय." अण्णांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं. मी आपला ऑफिसला निघालो. म्हातारा माणूस, मेळावा जवळ आलाय, जुनं आठवत असेल, असं मला वाटलं.

महामायाला मात्र यात वेगळंच काहीतरी दिसलं. तिच्या फिल्ममध्ये फोटो होते, गाणं होतं, पण अजून बोलणारं कुणी नव्हतं. ती अण्णांसमोर फोन घेऊन बसली. "अण्णा, तुम्ही बोला. मी रेकॉर्ड करते."

"हाव, कर," अण्णा एकदम सरळ बसले. "सगळं रेकॉर्ड कर आणि जपून ठेव. कुणी विचारलं तर दाखवता येईल."

कुणी म्हणजे कोण, हे तिनं विचारलं नाही. अण्णा बोलत राहिले. ओढ्याला पूर आलेला, गाडी अलीकडं थांबलेली, प्रवाशांनी तिथंच चूल मांडून पिठलं केलेलं. खिडकीतून टोपली आत टाकून जागा धरणारे लोक. परीक्षेला जाणारी एक पोरगी रोज डेपोजवळ उतरायची, तिला एक दिवस गाडीवर यायला उशीर झाला म्हणून चंद्रप्पांनी गाडी थांबवून ठेवलेली आणि सगळ्या गाडीनं मिळून ड्रायव्हरलाच शिव्या घातलेल्या. महामाया ऐकता ऐकता स्वयंपाक विसरली.

शनिवार उजाडला. मी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि दोरी बांधली. बाहेर आलो तर अण्णा तयार. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, आणि हातात पिशवी. पिशवीत टॉवेल, कपडे, साबण.

"अण्णा, तुम्ही कुठं?"

"कुठं म्हणजे? लातूरला जायचंय ना? चल. मी नको म्हणणार न्हाई."

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी मेळावा म्हणून लातूरला चंद्रप्पांकडं मुक्कामाला निघालेत. मी म्हणालो, "चला, बरंच झालं."

अण्णांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "बरं झालं म्हणतोस. ठीक हाय."

गाडीत चादरीतला डबा मांडीवर घेऊन मी बसलो. कंडक्टर दोनदा येऊन विचारून गेला की यात काही जिवंत आहे का. अण्णा खिडकीशी. जांब गेल्यावर ते म्हणाले, "मागच्या मोगऱ्याला पाणी कमी घाल. तो पाण्यानं खराब होतो."

"बरं."

"बुद्धप्रियाचं शिक्षण पूर्ण होऊ दे. मधे लग्नाचं काढू नका."

"नाही काढत."

"आणि मला भेटायला यायचं असलं तर रविवारी या. उगं सुट्टी टाकू नको."

मी म्हणालो, "अण्णा, चंद्रप्पांकडं तुम्ही किती दिवस राहणार आहात?"

"चंद्रप्पाचा काय संबंध?" अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी मेमरीच्या स्पीडचे व्हिडिओ बघत होतो. खरं सांगतो, मला त्या वेळी त्यांचं तोंड नीट बघायला पाहिजे होतं.

लातूरला ऑटो केला. पुनमताईंचं दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. मी अण्णांना म्हणालो, "तुम्ही वर जाऊन बसा, मी ऑटोवाल्याचं बघून हे घेऊन येतो." पुढचं जे घडलं त्यातलं निम्मं मी जिन्यात ऐकलं आणि निम्मं पुनमताईंनी नंतर सांगितलं.

पुनमताईंना बरेच लोक गमतीनं डॉक्टर म्हणतात. दारावर पाटीही तशीच आहे, "कॉम्प्युटर क्लिनिक". अण्णांनी चष्मा पुसत त्यातला फक्त "क्लिनिक" वाचला.

"या काका, बसा. मुखेडहून ना? साहेबांचा फोन आला होता. काय त्रास व्हायलाय?"

"त्रास तसा काही न्हाई, डॉक्टरीणबाई," अण्णा म्हणाले.

"मधेच अडकतंय म्हणाले."

"एखादं नाव ओठावर येतं आणि अडकतं. पण जरा वेळानं येतं."

पुनमताईंना वाटलं, फाईलचं नाव. "सकाळी चालू व्हायला वेळ लागतो का?"

"चहा घेतला की लगेच."

"म्हणजे चहा होईपर्यंत लागतो. बरं, गरम होतं का?"

"उन्हात गेलं की होतं. टोपी घालतो."

पुनमताई जरा थांबल्या. पण मुखेडकडं कॉम्प्युटरला कापडाची टोपी घालतात हे त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून त्या पुढं गेल्या. "स्पीड किती पाहिजे तुम्हाला?"

"आता या वयात स्पीड काय करायचा, बाई? हळू चाललं तरी चालंल. फक्त आतलं काही काढू नका."

"किती वर्षांचं झालंय?"

"पुढच्या वर्षी सत्तर."

पुनमताईंनी अण्णांकडं नीट बघितलं. आणि नेमका त्याच वेळी मी धापा टाकत वर आलो, डबा जमिनीवर ठेवला आणि म्हणालो, "ताई, उघडा एकदाचं आणि आतलं जुनं काढून टाका. लई ताप झालाय घरात."

अण्णांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "आनंद," ते म्हणाले, "चष्मा फ्रिजमध्ये एकदाच ठेवला होता रे. एकदाच."

चष्मा, फ्रिज, पिशवीतला टॉवेल, रविवारी भेटायला या. माझ्या डोक्यात सगळं एकमेकांवर येऊन आदळलं. मी खाली बसलो, चादरीची दोरी सोडली आणि डबा अण्णांना दाखवला. "अण्णा, हे. ह्याची मेमरी. ह्याची कमी पडायलीय."

अण्णा डब्याकडं बघत राहिले. पुनमताई हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पंखा त्यांच्याकडं फिरवला.

"मला वाटलं, ठेवून घेतात," अण्णा म्हणाले. "म्हणून कपडे आणले."

मी त्यांची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि तशीच धरून बसलो.

पाणी पिऊन झाल्यावर अण्णांनी विचारलं, "मग मेमरी ह्या डब्याची गेली?"

"हाव."

"आणि माझी?"

"तुमची लई हाय, अण्णा. आम्हाला नको असलेलं पण तुम्हाला याद हाय."

तेव्हा कुठं अण्णा हसले. आणि ते हसले म्हणून मग पुनमताई इतक्या हसल्या की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं येऊन चौकशी केली.

इथं खरं तर गोष्ट संपायला पाहिजे होती. पण माणूस एकदा खजील झाला की त्याला काहीतरी करून दाखवायचं असतं.

पुनमताईंनी डबा उघडला, बघितलं आणि शांतपणे समजावलं. ओट्याची उपमा तेव्हाच दिली. "साहेब, वहिनींना एडिटिंग करायचंय, तर आधी साइज वाढवा. मेमरीची जुनी पट्टी काढा आणि सारख्या स्पीडच्या दोन पट्ट्यांची जोडी टाका. जुनी आणि नवी मिसळली तर दोन्ही हळू चालतात. स्पीड छप्पनशेचा घ्या. तेवढ्यात गेम पण छान चालतो."

"त्याच्या वरचा कोणता आहे?"

"साठशे."

"आणि त्याच्या वर?"

"वर बहात्तरशे पण हाय. पण तुमच्या डब्यातल्या बोर्डाला तो झेपायचा न्हाई."

"तोच द्या," मी म्हणालो. "घरी दोघी वाट बघायल्यात."

पुनमताईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी हात वर केले. आत्ताच सुटका झालेला माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही.

"घ्या," पुनमताई म्हणाल्या. "पण एक करा. चालू करताना स्पीडची एक सेटिंग येते, ती तशीच राहू द्या. तिला हात लावू नका."

घरी येऊन मी पट्ट्या बसवल्या. बटण दाबलं. पडदा काळा. बराच वेळ काळा. मी घाबरून वायर ओढणार तेवढ्यात बुद्धप्रियानं हात धरला आणि म्हणाली, नवी मेमरी पहिल्यांदा ओळख करून घ्यायला वेळ घेते. खरंच थोड्या वेळानं चालू झाला. चालू झाल्यावर मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर स्पीड अठ्ठेचाळीसशे. बहात्तरशे आणायचे आणि अठ्ठेचाळीसशेनं चालवायचे? मी ती सेटिंग चालू केली.

पडद्यावर बहात्तरशेचा आकडा आला. मी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. ऑफिसातल्या तिघांनी अंगठा दाखवला. त्यांना आकडा कशाचा आहे ते कळलं नव्हतं, एकानं "अभिनंदन, नवीन प्लॉट?" असं विचारलं.

बुद्धप्रियानं गेम लावला. लोण्यासारखा चालला. ती म्हणाली, "दादा, मानलं तुला." तिचा सराव सामना रंगात आला, शेवटचा एक गडी उरला, आणि पडदा निळा झाला. हैदराबादच्या पोरांनी तिला ग्रुपमधून काढलं.

मग महामाया बसली. फिल्म जवळजवळ तयार होती. सगळं एकत्र करून एक फाईल बनवायची, तेवढंच बाकी होतं. फाईल बनत बनत शेवटाला आली आणि कॉम्प्युटर बंद पडून आपोआप परत चालू झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मेळावा दुसऱ्या दिवशी दुपारी होता.

"लाइटचा प्रॉब्लेम हाय," मी म्हणालो, आणि सिंधुताईंच्या घरून वायर ओढली. पुन्हा बंद पडला, आणि वर सिंधुताईंची पिठाची गिरणीही बंद पडली.

"गरम व्हायलंय," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. म्हणून मी अण्णांच्या खोलीतला कूलर ढकलत आणला आणि डब्यासमोर लावला. कूलरमध्ये पाणी काठोकाठ भरलेलं होतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. पहिल्याच झोताबरोबर कीबोर्ड, टेबल आणि महामायाचा पदर भिजला. डबा वाचला, कारण बुद्धप्रियानं मधे पाट धरला.

महामाया ओरडली नाही. तिनं पदर पिळला आणि खुर्चीत बसून राहिली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही आता काही करू नका. फक्त तिथं बसा."

मी तिथं बसलो.

बुद्धप्रियानं पुनमताईंना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा पहिला प्रश्न आला, "साहेबांनी सेटिंगला हात लावला का?"

अण्णा दारात उभे होते. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"लावला," मी म्हणालो. "मी म्हटलं, आणलाय तर वापरावा."

"छप्पनशेवर आणा," पुनमताई म्हणाल्या. "आणि साहेबांना चहा द्या. त्यांचा दिवस लई वाईट गेलाय."

बुद्धप्रियानं स्पीड खाली आणला. चहा होईपर्यंत फाईल तयार झाली. एकदाही अडकली नाही. महामायानं ती लावून बघितली आणि अण्णांचा आवाज घरभर घुमला. अण्णा येऊन पडद्यासमोर उभे राहिले. स्वतःचा आवाज त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. "हा मीच का?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच," महामाया म्हणाली. ते शेवटपर्यंत उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लातूरचा तो हॉल भरला होता. खाकी आता कुणाच्या अंगावर नव्हती, पण उभं राहण्याची पद्धत तीच होती. चंद्रप्पा दारातच अण्णांच्या गळ्यात पडले. मला कानडीत धाकटा भाऊ म्हणतात तसं म्हणाले, "ये तम्मा, बस." फिल्म सुरू झाली. पहिला फोटो आला, अण्णांचा आवाज आला आणि हॉल गप्प झाला. ओढ्याचा पूर आला. पिठलं आलं. लोक मान डोलवत होते. आणि औशाच्या आठवडी बाजाराच्या गाडीचा किस्सा रंगात आला तेवढ्यात पडदा थांबला.

आमची फिल्म बरोबर होती. हॉलचा लॅपटॉप अडकला होता. तो इतका जुना होता की त्याच्यावर अक्षरं उरली नव्हती. ऑपरेटर घामाघूम. पडद्यावर फोटोतले अर्धं तोंड उघडलेले चंद्रप्पा, आणि खाली नुसतं गोल फिरतंय. महामायानं माझा हात घट्ट धरला.

मग पहिल्या रांगेतून अण्णा उठले. माइकपर्यंत गेले नाहीत, जागेवरूनच बोलले. कंडक्टरचा आवाज, माइक कशाला लागतो. "तर औशाच्या त्या बाजारात," ते म्हणाले, "एका बाईच्या टोपलीचं झाकण सुटलं आणि सगळ्या कोंबड्या गाडीभर झाल्या. एक कोंबडी उडाली ती थेट चंद्रप्पाच्या स्टिअरिंगवर."

"कोंबडी नव्हती," चंद्रप्पा मागून म्हणाले. "कोंबडा होता. मला चावला."

हॉल हसायला लागला. कुणीतरी म्हणालं, त्या गाडीत मी पण होतो. दुसऱ्यानं विचारलं, तू कुठं होतास, तू तर त्या वेळी औराद शहाजानीच्या गाडीवर होतास. तिसरा उठला, त्याचा स्वतःचा किस्सा होता, बैलजोडीचा. जो तो बोलायला लागला. महामायानं माझा हात सोडला, पर्समधून फोन काढला आणि रेकॉर्ड करायला सुरुवात केली. मधे ऑपरेटरनं येऊन सांगितलं की लॅपटॉप चालू झालाय. त्याला खाली बसवण्यात आलं.

जेवणाच्या आधी फिल्म परत पहिल्यापासून दाखवली आणि लोकांनी ती उभं राहून बघितली. दोन घरच्या लोकांनी महामायाला आपापल्या वडिलांची अशीच फिल्म करायला सांगितलं. एकाची तर घाई होती, त्याचे वडील नव्वदीचे होते आणि अजून सगळं सांगतात म्हणाला. महामाया परत जाताना गाडीत झोपली नाही, खिडकीकडं बघून एकटीच हसत होती. पण ते नंतरचं.

त्याआधी हॉलमध्ये ऑपरेटर मला शोधत आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मुखेडचे कॉम्प्युटरवाले ते हेच. "साहेब," तो म्हणाला, "ह्या लॅपटॉपला जास्त स्पीडची मेमरी टाकली तर चालंल का?"

महामाया थांबली. बुद्धप्रिया थांबली. अण्णा चंद्रप्पांशी बोलता बोलता थांबले.

मी घसा साफ केला. "पंगत बसली वाटतं," असं म्हणालो, आणि जाऊन पहिल्या पानावर बसलो.